लघुकथेतील समाज
(साहित्यविषयक परिसंवादातील भाषणाचा संपादित अंश)



साहित्य हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आपण इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की, आता त्या आरशात कोणालाच स्वतःचा चेहरा दिसत नाही. मी पत्रकार, माझा भरवसा बातमीवर. तरीही मान्य केले पाहिजे की, बातमी थांबते तिथून पुढचा समाज मला लघुकथेने दाखविला.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले. त्यांच्या ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेने दुष्काळाने पोळलेली माणसे शिकल्यासवरल्या वाचकाच्या घरात आणून बसविली. पण मला आज विशेष बोलायचे आहे ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील (१९४९) धर्मा रामोश्याविषयी. या म्हाताऱ्याला कोणी एक धोतर देते. पुढे तो पुन्हा फाटक्यातच दिसतो. वाचकाच्या मनात पहिला विचार कोणता येतो? विकले असेल! मीही प्रथम तेच समजलो होतो. प्रत्यक्षात ते धोतर त्याच्या लेकीने नेसलेले असते. तिच्याजवळ अंग झाकण्यापुरतेही वस्त्र नव्हते. दानाचे समाधान, गरिबावरचा अविश्वास आणि बापाची मूक मर्यादा, हे सारे एका धोतरात सामावले आहे. माडगूळकर कोठेही उपदेश करीत नाहीत.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने तर आपल्याला अडचणीत टाकले. शीर्षककथेतला रेल्वेतील तरुण परगावी निवारा मिळावा म्हणून जात लपवितो. तोवर मानाने वागविणारी माणसे जात कळताच त्याला मारहाण करतात. आतिथ्याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवितो. पण ते आतिथ्य कोणत्या अटीवर मिळते, हे बागुलांनी लिहून ठेवले. हिंदू समाजाच्या एकत्वाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचली पाहिजे, टाळता कामा नये.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीत दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आम्ही पत्रकारांनी आकडे चोख छापले. नळाच्या रांगेत पुढे कोण होते, मागे कोण थांबले, आणि कोणी आपला हंडा कोणासाठी बाजूला घेतला, हे मात्र लिहायचे राहून गेले.