हिरड्याची सावली आणि हिरड्याचा भाव



विषय झाडाचा आणि वक्ते कामगार चळवळीतले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या झाडावर गरिबाची मजुरी पिकते, ते झाड आमच्याच विषयात मोडते.

युरोपात ऐसपैस बागेत ओक लावण्याची चाल आहे. लावतो आजोबा, सावलीत बसतो नातू. त्याच ओकच्या सालीने तिकडे कातडी कमावीत. पुढे त्याच कामासाठी आपल्या सह्याद्रीतला हिरडा मुंबई बंदरातून विलायतेस जाऊ लागला. कारण तुरट द्रव्य दोन्हींत आहे. मग जुन्नर-आंबेगावच्या बागाइतदाराने ओकची हौस का धरावी? हिरडा हाच आपला ओक.

या भागात हौसेने झाडे लावण्याची परंपराही जुनी आहे. 1847 साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेल्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवऱ्यास सरकारी वनस्पती-बाग होती.

हिरडा लावणाऱ्याने घाई करू नये. पिकल्या फळाचा गर काढून बी भिजत घालावे. कवच टणक, म्हणून कोंब सावकाश येतो. रोप सशक्त झाल्यावर पावसाच्या तोंडी उघड्या उन्हाची जागा पाहून लावावे. चहूबाजूंनी तीस फूट मोकळे ठेवावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे, गुरांपासून राखावे. फळाला वर्षे लागतात.

आता खरा प्रश्न. आहुप्याकडे, आंबे-हातवीजकडे महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. आठळी धरण्यापूर्वीचे हे कोवळे फळ वाळून काळे पडते आणि पक्क्या हिरड्याहून महाग विकते. पावसाळ्याचे मीठ-मिरची त्यावर भागते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने हिरड्याची हानी झाली, तेव्हा भरपाईसाठी त्यांना झगडावे लागले. भाताच्या नुकसानीचा पंचनामा होतो. मग हिरड्याचा का होऊ नये? 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य केली आहे. परंतु काट्यावर फसवणूक झाली, तर कागदावरची मालकी चूल पेटवीत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बागेत हिरडा अवश्य लावा. त्याची सावली तुमच्या नातवाला लाभो. पण बाजारात हिरडा घेताना, हा वेचणाऱ्याच्या हाती काय पडले, एवढे दुकानदाराला विचारा. विचारणारे वाढले, म्हणजे उत्तर द्यावेच लागते. हा आमचा चळवळीतला अनुभव आहे.