व्हीपीएन उघडतच नाही? आधी बघा, कुठे अडलं

इअरफोन लावा, आणि जमलं तर कॉम्प्युटरसमोर बसूनच ऐका. आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. दारव्हा, पुसद, वणी, उमरखेड, सगळीकडून एकच तक्रार: "भाऊ, सकाळी व्हीपीएनवर क्लिक केलं, अन् काहीच होऊन नाही राहिलं."

मी यवतमाळात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे ही तक्रार मला नेहमीची. पण ती साधी नाही. आपल्या जिल्ह्यात बसून पुण्या-नागपूरच्या कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन म्हणजे ऑफिसचा दरवाजा. तो उघडला नाही तर लॉगिन नाही, आणि लॉगिन नाही तर हाफ डे. आधी कॉल सेंटरचं काम घरून करायचं तर कंपनीला सिक्युरिटी डिपॉझिट भरावं लागायचं, आणि सरकारमान्य कंपनीकडूनच खास व्हीपीएन घ्यावं लागायचं. १३ मार्च २०२० ला दूरसंचार विभागाने या अटी तात्पुरत्या सैल केल्या, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नवे नियम आणले. त्यात घरून काम करणारा हा त्या सेंटरचाच दूरचा एजंट मानला गेला. आर्णी-दिग्रसमध्ये बसून नोकरी करणं त्यामुळे पुष्कळ सोपं झालं.

आता मुद्द्यावर येऊ. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर म्हणजे विहिरीवरची मोटर समजा. तुम्हाला दिसते ती खिडकी म्हणजे स्टार्टरचं बटन. मागे गुपचूप चालणारी सर्व्हिस म्हणजे मोटर. आणि कॉम्प्युटरमध्ये तयार झालेलं खोटं नेटवर्क कार्ड, म्हणजे व्हर्च्युअल ॲडॉप्टर, ही पाइपलाइन. वावरात पाणी आलं नाही तर आपण लगेच मोटर बदलतो का? नाही. आधी लाइन आहे का, मोटर गुणगुणते का, पाइप फुटला का, ते बघतो. इथेही तसंच. सॉफ्टवेअर काढून परत टाकणं हा शेवटचा उपाय.

पहिली गोष्ट, रिस्टार्ट. तुम्ही म्हणाल, भाऊ, रोज तर बंद करतो. गंमत इथेच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक ठिकाणी फास्ट स्टार्टअप चालू असतं. त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी जसाच्या तसा उठतो. म्हणजे रात्री अडकलेली सर्व्हिस सकाळीही अडकलेलीच. रिस्टार्ट केलं की सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

दुसरी, खिडकी आधीच उघडी आहे का? खाली घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करा. तिथे व्हीपीएनचं चिन्ह असेल तर ते चालूच आहे, फक्त लपलंय. नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. व्हीपीएनचं नाव दिसलं तर एंड टास्क करा आणि पुन्हा उघडा.

तिसरी, मोटर. स्टार्ट मेनूत सर्व्हिसेस शोधा. यादीत तुमच्या व्हीपीएनचं नाव बघा. ओपनव्हीपीएन असेल तर 'ओपनव्हीपीएन इंटरॅक्टिव्ह सर्व्हिस' असं दिसेल. समोर 'रनिंग' नसेल तर राइट क्लिक करून स्टार्ट. कंपनीच्या लॅपटॉपवर हे बटन पुसट दिसत असेल तर तुम्हाला तो अधिकार दिलेला नाही. तिथे झटापट करू नका, आयटीवाल्यांना कळवा.

चौथी, पाइपलाइन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर्स उघडा. टॅप किंवा विनटन अशा नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर बिघाड तिथे आहे. ॲडॉप्टर डिसेबल असेल तर एनेबल करा. एकाच मशीनवर दोन-तीन व्हीपीएन टाकलेले असतील तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. नको असलेलं काढा.

पाचवी, काल चालत होतं आणि आज नाही, तर रात्री काय बदललं ते बघा. अँटीव्हायरसने फाइल अडवून ठेवली का? विंडोज अपडेट झालं का? जानेवारी २०२२ च्या अपडेटने काही व्हीपीएन जोडण्या बंद पडल्या होत्या, आणि मायक्रोसॉफ्टला आठवडाभरात वेगळा दुरुस्ती-अपडेट काढावा लागला. एप्रिल २०२४ मध्येही असंच झालं, तो दोष मे महिन्याच्या अपडेटमध्ये सुटला. म्हणजे चूक दर वेळी तुमचीच असते असं नाही.

सहावी, तारीख. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग व्हीपीएनला सर्व्हरचं सर्टिफिकेट 'अजून लागूच झालेलं नाही' असं वाटतं आणि ते जोडणी नाकारतं. तारीख-वेळ ठीक करा, सेल बदला.

आता यात खरा धोका कुठे आहे ते सांगतो. दिग्रसची एक ताई. सकाळची शिफ्ट, व्हीपीएन उघडेना. तिने इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधलं, पहिला नंबर लावला. पलीकडचा गोड बोलला आणि म्हणाला, "मॅडम, हे ॲप टाका, मी तुमची स्क्रीन बघून ठीक करतो." ताईला शंका आली, तिने फोन ठेवला आणि मला लावला. मी म्हटलं, "ताई, शटडाऊन नको, रिस्टार्ट करा." मग सर्व्हिस स्टार्ट केली. पाच मिनिटांत लॉगिन. ते ॲप टाकलं असतं तर ऑफिसचा डेटा आणि तिचं बँक खातं, दोन्ही अनोळखी माणसाच्या हातात गेलं असतं.

म्हणून नंबर घ्यायचा तो कंपनीच्या ईमेलमधून किंवा आपल्या टीम लीडकडून. फुकटचं भलतंच व्हीपीएन उतरवू नका, त्याने ऑफिसचा दरवाजा उघडत नाही. कुणी फसवून पैसे काढलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

आणि हे सगळं करूनही चालू झालं नाही, तर आयटीला नुसतं "चालत नाही" लिहू नका. असं लिहा: "सकाळी ८:४० पासून खिडकी उघडत नाही. रिस्टार्ट केलं. सर्व्हिस स्टार्ट होत नाही, हा एररचा फोटो. काल रात्री विंडोज अपडेट झालं." टीम लीडलाही तोच मेसेज त्याच वेळी पाठवा. हाफ डेचा वाद निघाला तर तुमच्याकडे वेळेसकट नोंद असेल.

पुढच्या वेळी बोलू दुसऱ्या अडचणीवर: व्हीपीएन उघडतं, पण 'कनेक्टिंग'वरच फिरत राहतं. तुमच्याकडे तसं होत असेल तर एररचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, फक्त पासवर्ड आणि युजरनेम झाका. येतो मग, काळजी घ्या!