बालकांच्या दातांसाठी फ्लोराइडचा लेप
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही हिशेबाची माणसे. दंतवैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि दंतविभागाच्या एका खर्चाविषयी आपणांपुढे निवेदन करणे आवश्यक वाटते.

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दातांच्या आवरणातील खनिजे विरघळतात. खडूसारखा पांढरा डाग दिसतो, तोवर ही झीज भरून येऊ शकते. खड्डा पडल्यावर नाही. लाळेतील खनिजे आवरणात पुन्हा बसण्यास फ्लोराइड साहाय्य करते. म्हणून ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या व्हार्निशचा लेप साधारणतः दर सहा महिन्यांनी बारीक कुंचल्याने दातांवर देतात. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा लेपामुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी, तर कायमच्या दातांची ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

‘दुधाचे दात पडणारच, मग लेप कशाला?’ असे पालक विचारतात. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे घरोघरी तीही दुधाचीच समजली जाते आणि किडेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही!

दुसरी शंका पाण्याची असते, आणि ती रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तेथील दातांवरचे डाग मात्र दात घडण्याच्या वयात वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे पडतात. व्हार्निश दातांवर चिकटते, पोटात अल्पांशच जाते. सहा वर्षांखालील मुले जेल गिळून टाकतात, म्हणून त्यांना व्हार्निशच देतात.

आता मूळ मुद्दा. दंतखुर्चीसाठी देणगी मिळते, कारण तिच्यावर नामफलक लावता येतो. लेपावर तो लावता येत नाही, शिवाय लेप वारंवार द्यावा लागतो. एकदाच आलेली रक्कम एका फेरीत संपते आणि पुढच्या फेरीला तीच मुले वंचित राहतात. यास्तव या कार्यासाठी स्वतंत्र कायमनिधी उभारावा आणि केवळ त्याच्या व्याजातून खर्च करावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. देणगीदारांनी पावतीवर ‘बालदंतनिधी’ असा उल्लेख करून घ्यावा.

पालकांना एकच विनंती: लेपाच्या दिवशी मुलास कडक वा गरम पदार्थ देऊ नयेत, त्या रात्री दात घासू नयेत आणि पुढील तारीख कार्डावर लिहून घ्यावी.