माकड, माणूस आणि आपण



‘माणूस माकडापासून झाला, हे तुम्ही मानता का?’ कॉलेजातली मुलं-मुली मला हमखास विचारतात. आजच्या माकडाचा माणूस झाला, असं उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असं ते म्हणतं. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. मग एक जोडी गेली कुठे? आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याच्या खुणा सापडल्या आहेत. हा पुराव्याचा विषय आहे.

२०१७ मध्ये तुर्कस्तानने शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळायचं ठरवलं. जानेवारी २०१८ मध्ये आपले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलेलं नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र काढून निषेध केला. धर्म वेगळे, भीती एकच. त्यांच्या निर्णयावर आपण टीका करतो, मग तोच नियम आपल्या घरातही लावला पाहिजे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात : ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं!’ नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने ‘किताब अल-हयवान’मध्ये प्राण्यांच्या जगण्याच्या धडपडीबद्दल लिहिलं, हे खरं. त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण नैसर्गिक निवडीचा सिद्धांत पुराव्यानिशी मांडला तो डार्विन आणि वॉलेस यांनी. अल-जाहिजचा वारसा सांगायचा, तर त्याच्यासारखं निरीक्षण करायला शिका.

कुणाचं ईमान काढून घ्यायला मी इथे उभा नाही. जॉर्डनच्या हाशमाइट विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ राना दजानी हिजाब घालून उत्क्रांती शिकवतात. त्यांना श्रद्धा आणि विज्ञान यांपैकी एक निवडावं लागलेलं नाही. सृष्टी का आहे, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेला विचारावं. सजीव कसे बदलत गेले, हे जीवाश्मांना आणि पेशींनाच विचारावं लागेल.

टीबीच्या जंतूंवर एखादं औषध चालेनासं का होतं? औषधाला दाद न देणारे जंतू टिकतात आणि त्यांचीच संख्या वाढते. ही उत्क्रांतीच आहे. उद्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलीने हा धडा फक्त मार्कांपुरता पाठ करून का सोडून द्यावा?

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे घटनेच्या कलम ५१ कने आपलं कर्तव्य ठरवलं आहे. तेव्हा ‘मानता का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘पुरावा काय?’ हे विचारा. मौलवींना विचारा, शिक्षकांना विचारा, आणि मलाही.