पदरात आलेली लेक
(साक्षरता वर्गातील भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्गाच्या बाईंनी मला सांगितलं, "तुमच्या घरात दत्तक मुलगी आहे. तिला कसं वाढवता, ते आमच्या बायकांना सांगा." मी काही मोठी वक्ता नाही. घरात रोज जे घडतं तेच सांगणार आहे. त्यातलं जे उपयोगी पडेल ते तुम्ही घ्या.

दत्तक हा शब्द आपल्याला नवा नाही. झाशीच्या संस्थानात १८५३ साली दामोदररावांना दत्तक घेतलं. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते गादीवर बसले. पण बघा, हे सगळे मुलगे. गादीला वारस हवा, जमिनीला वारस हवा, पिंडाला हात लावायला मुलगा हवा, म्हणून दत्तक घ्यायचा. मुलीला कोण दत्तक घेणार? मुलगी म्हणजे परक्याचं धन, असंच लोक म्हणायचे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मात्र निराळी वाट दाखवली. फसलेल्या विधवांनी मुलांना मारू नये, म्हणून त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा तो त्यांच्या बरोबरीने त्या कामात होता. त्या दोघांनी वारस शोधला नव्हता. एका लेकराला घर दिलं होतं.

मग १९५६ साली हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा झाला. त्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. आता २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याप्रमाणे कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. एकट्या बाईलाही घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगा घेता येतो, मुलगी घेता येत नाही.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. ह्यांनीच एक दिवस विषय काढला. ओळखीच्या एका बाईने सांगितलं, "एका दवाखान्यात पोर मिळेल. थोडे पैसे द्यायचे, कागदपत्रं काही नाहीत." ह्यांनी तिला तिथेच थांबवलं. बायांनो, हे नीट लक्षात ठेवा. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. शिवाय असं आणलेलं मूल कुणाच्या तरी पदरातून ओढलेलं असू शकतं. उद्या पोलीस दारात आले, तर त्या लेकराचं दुसऱ्यांदा घर मोडतं.

सरळ मार्ग आहे, तो थोडा लांबचा आहे. सरकारच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. संगणक येत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं, ते मदत करतात. मग समाजसेविका घरी येते. घर बघते, दोघांशी बोलते, घरातल्या म्हाताऱ्यांशीही बोलते. ठरावीक शुल्क असतं, त्याची पावती मिळते. त्यापलीकडे कुणाला एक रुपयाही द्यायचा नाही. मग आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. आम्ही तीन वर्षं थांबलो. पूर्वी दत्तकाचा आदेश कोर्टातून यायचा. २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. आदेश झाला की जन्माच्या दाखल्यावर आई-बाप म्हणून आपली नावं लागतात. त्यानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, मूल कसं आहे हे संस्था बघते.

आमची मुलगी घरी आली तेव्हा तीन वर्षांची होती. आता पहिलीत जाते. तिचं नाव इथे सांगत नाही. ती मोठी झाल्यावर आपली गोष्ट कुणाला सांगायची ते तिचं तिने ठरवावं.

लोकांना वाटतं, मूल घरी आलं की आनंदी आनंद. तसं नसतं. लेकराच्या बाजूने बघा. त्याचं रोजचं अंथरूण गेलं, रोजच्या मावश्या गेल्या, बरोबरची मुलं गेली. नवीन माणसं आली, त्यांचा वासही नवीन. आमची मुलगी पहिले पंधरा दिवस बोललीच नाही म्हणा ना. "हो" आणि "नको", एवढंच. रात्री दिवा मालवला की उठून बसायची. मग आम्ही बारीक दिवा ठेवला आणि तिचं अंथरूण माझ्या अंथरुणाला लावून घातलं.

एक दिवस अंथरूण झटकताना उशीखालून भाकरीचा वाळलेला तुकडा पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही चोरून खाते की काय?" ती चोरी नव्हती. पुढचं जेवण येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. आम्ही तिला काही बोललो नाही. एक छोटा डबा घेतला. तिचा हात पोचेल अशा फळीवर ठेवला. त्यात रोज शेंगदाणे, गूळ, नाही तर चुरमुरे. तिला सांगितलं, "हा तुझा डबा. केव्हाही उघड. तो कधी रिकामा राहणार नाही." पहिले काही दिवस ती तासातासाला उघडून बघायची. मग दिवसातून दोनदा. तीन महिन्यांनी विसरली. उशीखालचे तुकडेही बंद झाले. रागावलो असतो, तर तुकडे बंद झाले नसते, फक्त जागा बदलली असती.

दुसरी गोष्ट. ती पडली तरी रडत नसे. अंगणात पडली, गुडघा फुटला, तरी गप उठून माती झटकायची. शेजारणी म्हणायच्या, "किती शहाणी पोर!" माझ्या मात्र पोटात कालवायचं. रडलं तर कुणी धावून येतं, हे ज्याला ठाऊक असतं तेच मूल रडतं. संस्थेतल्या बायका वाईट नव्हत्या. पण मुलं पुष्कळ आणि हात थोडे. पाच-सहा महिन्यांनी एकदा ती पायरीवरून घसरली आणि भोकाड पसरून थेट माझ्याकडे आली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ती मला "मावशी" म्हणायची. संस्थेत सगळ्याच मावश्या, म्हणून मीही मावशी. लोक तिला शिकवायचे, "आई म्हण, आई म्हण." मी म्हटलं, राहू द्या. एक दिवस मी आत पीठ मळत होते. बाहेरून ती ओरडली, "आई, नळाचं पाणी गेलं!" मी म्हटलं, "गेलं तर जाऊ दे." त्या दिवसापासून मी आई झाले.

सासूबाईंचं सांगते. त्यांचा आधी विरोध होता. "कुणाचं रक्त, कोण जाणे," असं म्हणायच्या. वाद आम्ही घातला नाही. मुलीचे केस संस्थेत बारीक कापलेले होते. रोज संध्याकाळी डोक्याला तेल लावायचं काम ह्यांनी सासूबाईंकडे दिलं. मला शेतावरून यायला उशीर होतो, असं निमित्त सांगितलं. तेल लावता लावता गोष्टी सुरू झाल्या. केस खांद्यापर्यंत आले, तोवर आजीशिवाय तिला झोप येईना. पुढे हळदीकुंकवाला एक बाई मुलीच्या देखत म्हणाली, "हीच का ती आणलेली? जात कोणती हो हिची?" मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमचीच. दुसरी कुठली असणार?" बाई गप्प बसली.

आता सगळ्यांत मोठा प्रश्न. मुलीला सांगायचं की नाही?

पुष्कळ जण म्हणतात, सांगू नका, मन मोडेल. मी तुम्हांला कर्णाची गोष्ट आठवून देते. कर्णाला राधेने वाढवलं, म्हणून तो राधेय. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. पण त्याचा जन्म कुंतीने लपवला. लढाई तोंडावर आली तेव्हा त्याला खरं सांगितलं. तोवर फार उशीर झाला होता. लपवलेली गोष्ट अशी नको त्या वेळी बाहेर येते. गावात तर दहा तोंडं असतात. भांडणात कुणीतरी बोलून जातं. मग मूल म्हणतं, "आई-बाप माझ्याशी खोटं बोलले." दत्तक असल्याच्या दुःखापेक्षा हे दुःख मोठं.

म्हणून आम्ही पहिल्यापासून सांगतो. गोष्ट सांगावी तसं. "तू दुसऱ्या आईच्या पोटात वाढलीस. मग संस्थेत राहिलीस. आम्ही तुझी वाट बघत होतो. एक दिवस फोन आला आणि आम्ही एस.टी.ने तुला आणायला आलो. बाबांनी तुला उचलून घेतलं, तर तू त्यांच्या खिशातलं पेन काढलंस." ही गोष्ट तिला पाठ आहे. पेनाचं सांगायला मी विसरले तर ती आठवण करते. सासूबाई तिला सीतेची गोष्ट सांगतात. जनकाला सीता नांगराच्या तासात सापडली. पण जग तिला जानकी म्हणतं, म्हणजे जनकाची लेक.

गेल्या वर्षी तिने विचारलं, "पहिल्या आईने मला का ठेवलं नाही?" हा प्रश्न येणारच. खोटं सांगू नका. आणि त्या आईला वाईटही म्हणू नका. मी म्हटलं, "नक्की कारण मला माहीत नाही. तिला तुला वाढवता येण्यासारखं नव्हतं. पण तुझी काही चूक नव्हती. तू चांगलीच होतीस." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिला भाकरी मिळते का?" मी म्हटलं, "मिळत असेल, बाळ." मुलाला कधी वाईटही वाटेल. वाटू द्यावं, जवळ बसावं. अठरा वर्षांची झाल्यावर आपलं मूळ शोधायला ती स्वतः अर्ज करू शकते. कायद्याने तशी सोय आहे. जन्मदात्या आईचं नाव मात्र गुप्त राखलं जातं. शोध घ्यावासा वाटला, तर आम्ही तिच्याबरोबर जाऊ.

त्या आयांबद्दलही दोन शब्द. एखादीवर असा प्रसंग आला, तर मूल झुडपात किंवा बसस्थानकावर टाकू नका. बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवता येतं. पुन्हा विचार करायला साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत मन बदललं तर मूल परत मागता येतं. काही विचारायचं असेल तर १०९८ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आता रोजच्या वागण्यातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली. रागाच्या भरात "परत पाठवीन" असं कधीही म्हणू नका. पोटच्या पोराला आपण "घराबाहेर काढीन" म्हणतो. ते ऐकून सोडून देतं. हिला ते खरं वाटेल. आमच्या मुलीने एकदा दुधाचं भांडं लवंडलं आणि विचारलं, "आता मला नेतील का?" मी म्हटलं, "दूध सांडलं तर फडकं आणायचं असतं." दोघींनी मिळून पुसलं. कायद्यानेही एकदा दत्तक झालेलं मूल कायमचं आपलं.

दुसरी. लाड जास्त नकोत आणि काम जास्त नको. जाऊबाईंच्या मुलांना जेवढा लाडू, तेवढाच हिला. ती मुलं ताटं उचलतात, हीसुद्धा उचलते. मुलगी आणली ती कामाला नव्हे. पण घरातली म्हणून तिच्या वाट्याचं काम तिनेही करावं. भाऊबीजेला ती चुलतभावांना ओवाळते आणि ओवाळणीवरून भांडतेही. भांडू दे. हक्क वाटतो म्हणूनच मूल भांडतं.

तिसरी. मुलीने हट्ट केला की "रक्तच तसलं" असं म्हणू नका, कुणाला म्हणू देऊ नका. हट्ट कुठलं मूल करत नाही?

चौथी. "केवढं पुण्य केलंत," असं लोक म्हणतात. हे ऐकून मुलीला वाटेल, आपण उपकाराचे. मी सांगते, "पुण्य कसलं? आम्हांला लेक हवी होती, तिला आई-बाप हवे होते."

बायांनो, तुमच्यापैकी प्रत्येकीने दत्तक घ्यावं असं माझं म्हणणं नाही. पण गावात, शाळेत असं लेकरू भेटेल. त्याच्या देखत "ही कुणाची?" असं विचारू नका. आपल्या मुलांनाही तेच शिकवा. आणि कुणाला खरंच मूल हवं असेल, तर आडवाटेला जाऊ नका. सरळ मार्गाने जा, वेळ लागला तरी थांबा. आता तुम्हांला वाचता-लिहिता येऊ लागलं आहे. अर्जावर आणि कागदावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. नाही कळली तर विचारा.