चिपीचं फूल आणि वटवाघळं



खाडीकाठची चिपी कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. 2020 साली महाराष्ट्रानं तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिचं फूल मात्र फार थोड्यांनी निरखलेलं असतं, कारण ते उमलतं दिवस मावळल्यावर. पाकळ्यांचा थाट नाही. पांढऱ्या केसरांचा दाट झुबका आणि तळाशी मध. एका रात्रीत सगळं आटोपतं, सकाळी केसर चिखलावर पडलेले असतात.

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर या मधासाठी वटवाघळं येतात. मुरुगनच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेल्या बाटूच्या गुहांमधून निघून तीस किलोमीटरहून दूर, खाडीपर्यंत. हीच वटवाघळं दुरियान या फळझाडाच्या फुलांचं परागीभवन करतात. पण दुरियानला बहर यायला पावसाची उघडीप लागते आणि तो बहर टिकतो थोडेच दिवस. मग बाकीचं वर्ष? विषुववृत्तालगतची हवा बारमाही उबदार आणि दमट, म्हणून चिपीवर जवळजवळ वर्षभर फूल असतं आणि त्यावर ती तगतात. खाडीतली चिपी तुटली, तर त्याची झळ आत डोंगरातल्या दुरियानच्या बागायतदाराला लागते. मला हे नातं विलक्षण वाटतं.

याउलट ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला पिलबारात पाऊस तुटपुंजा आणि ऊन कडक. कांदळवन तिथंही आहे, पण चिपी नाही. तिथं राज्य किडे टिपणाऱ्या वटवाघळांचं. त्यातली एक छोटी जात तर त्या किनाऱ्यावर कांदळवनाबाहेर सहसा दिसतच नाही. म्हणजे नुसतं कांदळवन आहे एवढ्यानं भागत नाही, तिथली हवा कशी आहे तेही पाहावं लागतं.

हवा बिघडली तर काय होतं, ते त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, केर्न्समध्ये, नोव्हेंबर 2018 मध्ये दिसलं. पारा 42 अंशांवर गेला. डोळ्यांभोवती पिवळसर लोकर असलेली तिथली फळखाऊ वटवाघळं पावसाळी जंगलाप्रमाणे कांदळवनातही मुक्काम करतात. उकाडा वाढला की ती पंखांनी वारा घेतात, सावलीला सरकतात, धापा टाकतात, अंगाला लाळ फासतात. त्यापुढे त्यांच्याकडे उपाय नाही. सुमारे 23,000 मेली. ऑस्ट्रेलियातली त्या जातीची जवळपास एक तृतीयांश संख्या दोन दिवसांत संपली.

आपण कांदळवन हेक्टरांत मोजतो, आणि ते मोजायलाच हवं. पण कोणत्या खाडीत चिपी कोणत्या महिन्यांत फुलते, आषाढातल्या झडीत तिच्यावर रात्री कोण येतं आणि वैशाखात कोण, याच्या नोंदी गावागावांतून व्हाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.