आधीं लग्न कीं आधीं व्हिसा?



मुलीचें लग्न ठरलें म्हणजे आपल्या घरांत पहिल्यानें पंचांग उघडलें जातें. तिथि, मुहूर्त, कार्यालय, आमंत्रणें या सर्वांचा खल होतो. आणि नवरामुलगा परदेशाचा नागरिक असला, तर व्हिसाचा विचार अगदीं शेवटीं, अक्षता पडल्यावर होतो. हा क्रम उलटा आहे, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. मी कायदेपंडित नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु माझ्या एका चुकीच्या सल्ल्यामुळें माझ्या भाचीचें सव्वा वर्ष वायां गेलें. त्या चुकीनें मला जें शिकविलें, तें इतरांच्या उपयोगीं पडावें अशी इच्छा आहे.

मुलगा मराठी आईबापांचाच, पण अमेरिकेंत जन्मलेला व तेथील नागरिक. अशा मुलाशीं विवाह करणाऱ्या वधूस तिकडे नांदावयास जाण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला नियोजित वधूचा, म्हणजे ‘के-१’ व्हिसाचा. तो १९७० सालच्या कायद्यानें सुरू झाला. यांत लग्न व्हावयाचें असतें. मुलगा ‘आय-१२९एफ’ नांवाचा अर्ज करतो. अर्जापूर्वींच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी, असा सामान्य नियम आहे. व्हिसा मिळून मुलगी तेथें उतरली, कीं ९० दिवसांच्या आंत त्याच मुलाशीं तिचा विवाह झाला पाहिजे. आणि त्यानंतर कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, निराळा अर्ज करावा लागतो. दुसरा मार्ग विवाहित पत्नीचा. यांत लग्न अगोदर होतें, पति ‘आय-१३०’ हा अर्ज करतो, आणि सर्व छाननी व मुलाखत पार पडेपर्यंत पत्नी माहेरींच राहते.

आमच्या घरीं काय झालें तें ऐका. मुलाकडील मंडळींस के-१ चा मार्ग सोयीचा वाटला. माझ्या बहिणीचा आग्रह असा, कीं अंतरपाट आपल्याच दारांत धरला जावा. दोन्ही बाजू राखण्यासाठीं मीं तोड सुचविली : “विधि येथें करूं, नोंदणी मात्र करूं नये. कागदोपत्रीं लग्न तिकडे होईल.” घरांतील वडील माणसाचा शब्द म्हणून तो सर्वांस पटला. सप्तपदी झाली, मंगळसूत्र गळ्यांत पडलें, आणि के-१ चा अर्जही गेला. मुलाखतीच्या वेळीं मुलीस विचारण्यांत आलें, “आपलें लग्न झालें आहे काय?” मुलगी खोटें बोलली नाहीं. व्हिसा नाकारला गेला. घरीं येऊन तिनें मला एकच प्रश्न विचारला : “मामा, मग माझें लग्न झालें आहे कीं नाहीं?”

जन्मभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं. तें मीं मागाहून शोधलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, सप्तपदीचा विधि असेल तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. ती नसली म्हणून विवाह मोडत नाहीं. याच्या उलट, विधि मुळींच न करतां नुसता दाखला घेतल्यानें हिंदु विवाह होत नाहीं, हेंही सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. म्हणजे माझी भाची विवाहित होती, आणि के-१ हा अविवाहितेचा मार्ग! दोष व्हिसा नाकारणाऱ्यांचा नव्हता, माझा होता. पुढें विवाहाची नोंदणी करून दुसऱ्या मार्गानें प्रारंभापासून अर्ज करावा लागला.

तेव्हां निवड करावयाची ती अशी. अंतरपाट येथें धरावयाचा असेल, तर पत्नीचा मार्ग घ्यावा. विवाह तिकडेच करावयाचा असेल, तर येथें साखरपुड्यावर थांबावें. दोन्ही एकत्र करूं नयेत. मुलगा भिन्नधर्मीय असेल, तर येथें १९५४ चा विशेष विवाह कायदा उपयोगीं पडतो. पण त्यांत ३० दिवसांची नोटीस लागते व नोटिशीपूर्वीं दोघांपैकीं एकाचें त्या जिल्ह्यांत निदान ३० दिवस वास्तव्य असावें लागतें. मुलास पंधरा दिवसांचीच रजा असेल, तर हा हिशेब आधींच केलेला बरा.

आणखीही एक गोष्ट पाहावी. पत्नीच्या मार्गानें जाणारी मुलगी तेथें उतरतांच कायम वास्तव्याची हक्कदार होते व नोकरी करूं शकते. के-१ नें गेलेलीस लग्नानंतरही परवाना हातीं येईपर्यंत मिळकतीवांचून बसावें लागतें. आणि ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असतां पूर्वपरवानगीवांचून देश सोडला, तर तो अर्ज बुडतो. आई आजारी पडली, तरी मुलगी चटकन येऊं शकत नाहीं. स्वतःच्या पायांवर उभी असलेल्या मुलीस ही गोष्ट लहान नव्हे.

अर्थात्, हे सर्व नागरिकाविषयीं झालें. मुलगा नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर के-१ नाहींच, आणि पत्नीस वार्षिक संख्येच्या मर्यादेंत वाट पाहावी लागते. तो एच-१बी वर नोकरीस असेल, तर पत्नीस एच-४ मिळतो. त्यावर सरसकट नोकरी करतां येत नाहीं. यास्तव पत्रिका पाहण्यापूर्वीं मुलगा तेथें कोणत्या कागदावर राहतो, हें निःसंकोच विचारावें.

शेवटीं मुलींसाठीं एक गोष्ट. ग्रीन कार्ड मिळतांना विवाहास दोन वर्षें झालेलीं नसतील, तर तें दोन वर्षांपुरतें सशर्त असतें. मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत दोघांनीं मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज करावयाचा असतो. परंतु विवाह खऱ्या भावनेनें झाला असून पुढें मोडला, किंवा पतीनें छळ केला, तर पत्नीस तो अर्ज एकटीनेंही करतां येतो. कागद हातांतून जाईल या भीतीनें मुलीनें मार सोसूं नये.

माझी भाची आतां तिकडे सुखानें नांदत आहे. मागच्या दिवाळींत ती आली, तेव्हां तिच्या धाकट्या बहिणीच्या स्थळाची गोष्ट निघाली. बहीण म्हणाली, “दादा, मुहूर्त पाहा ना.” मीं म्हटलें, “पाहीन. पण आधीं मुलाचे कागद पाहूं दे.”